स्वयंपाकघरातलं गुऱ्हाळ

वेस्ट कॉर्बिन गावात माणूस 'इथला' नेमका कधी होतो, याचा नियम कुठे लिहिलेला नाही. पण कर्टिस बोमन अजून झालेला नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. तो मूळचा ओहायोचा. लग्न करून व्हरमाँटात आला, सासऱ्यांच्या पश्चात त्यांच्याच घरात राहू लागला, मुलगी इथेच जन्मली, इथल्याच शाळेत जाऊ लागली. तरी टपाल कचेरीत त्याची ओळख 'जनीनचा नवरा' अशीच होती, आणि फारच आपुलकी दाटून आली तर 'तो ओहायोवाला'. मुलगी तरी इथली म्हणायची की नाही, असं त्याने एकदा शेजारच्या क्लाईड पेरींना विचारलं होतं. क्लाईड बराच वेळ डोंगराकडे बघत राहिले आणि म्हणाले, "गोठ्यात मोटार उभी केली म्हणून काही ती दूध देत नाही."

कर्टिस तसा गुणी माणूस. एका विमा कंपनीचे संगणक तो माडीवरच्या खोलीत बसून सांभाळायचा. हाताला मात्र सतत उद्योग लागायचा. घरातले दिवे तोंडी हुकमावर लागायचे, पडदे सूर्य पाहून सरकायचे, आणि एक अदृश्य बाई भिंतीतून मंजुळ आवाजात सांगायची की तळघरात दमटपणा वाढला आहे. जनीन तिला 'घरातली दुसरी बाई' म्हणायची, आणि तिच्याशी कामापुरतंच बोलायची. गावाला या सगळ्याचं कौतुक मुळीच नव्हतं. दिवा लावायला बटण असताना दिव्याशी बोलणाऱ्या माणसाबद्दल गावाने मनोमन काय ते ठरवून टाकलं होतं.

तर इस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला होता. या दिवसांत प्रत्येकाने आपल्या आवडीचं काहीतरी सोडायचं. रविवार मात्र मोकळा. त्या दिवशी व्रत नसतं. जनीनने गोड सोडलं होतं. कर्टिसने घरात नवं यंत्र आणणं सोडलं होतं. आदल्या दिवशी मागवलेलं यंत्र उपवासकाळात येऊन पोचलं तर व्रत मोडतं का, हा प्रश्न त्याने स्वतःपुरता सोडवून घेतला होता. आणि तेरा वर्षांच्या ओडेटने बापाला टोमणे मारणं सोडलं होतं. हे सगळ्यांत कडक व्रत. सोमवार ते शनिवार घरात अशी शांतता असायची की जेवताना काट्यांचा आवाज यायचा. रविवारी प्रार्थनेहून परतताना गाडीचं दार लागलं रे लागलं, की आठवड्याचा साठा बाहेर पडायचा.

उपवासकाळाच्या मधल्या रविवारी चर्चच्या तळघरात मेपलच्या पाकाचं जेवण असतं. परातीत स्वच्छ बर्फ भरायचा, त्यावर उकळता पाक धारेने ओतायचा, त्याची चिक्कट तार झाली की काट्याला गुंडाळून खायची. गोडाने तोंड मिटलं की लोणच्यातली आंबट काकडी खायची आणि पुन्हा सुरुवात करायची. पाक वर्षानुवर्षं ऑल्ड्रिच बंधूंच्या गुऱ्हाळातून यायचा. यंदा दोघे भाऊ म्हातारपणाला कंटाळून फ्लोरिडाला लेकीकडे निघून गेले होते. पाद्रीबाबांनी प्रार्थनेनंतर विचारलं, "यंदा पाकाचं काय?"

कोणी काही बोललं नाही. या गावात हे न बोलणं विचार करण्यात मोडतं. चारपाच मिनिटांनी कोणीतरी खोकलं असतं आणि प्रश्न सुटला असता. पण शांतता सहन न होणं हा ओहायोच्या माणसांचा जुना आजार आहे.

"मी आणतो," कर्टिस उभा राहून म्हणाला.

सगळी डोकी वळली. टपालवाल्या बाईंनी चष्मा काढून पुन्हा घातला.

"विकत?" मागून क्लाईडनी विचारलं.

"छे! करून."

जनीनने डोळे मिटले. प्रार्थनेसाठीच मिटले असावेत.

गाडीत ओडेट म्हणाली, "बाबा, मागच्या वर्षी तुम्ही चहाची किटली जाळली होती. पाण्याची किटली. पाणी जळत नाही हे मला शाळेत शिकवलंय, आणि तरीही." रविवार होता, तिला मुभा होती. पण कर्टिसचं लक्ष नव्हतं. त्यांच्या घरासमोर त्याच्या सासऱ्यांच्या आजोबांनी लावलेली मेपलची रांग होती. तिच्याकडे तो आज प्रथमच जावयाच्या नव्हे तर वारसाच्या नजरेने पाहत होता. बोमनांच्या घरचा पाक गाव बर्फावर ओतून खाणार. मग टपाल कचेरीत कोण म्हणतंय ओहायोवाला, बघू.

मेपलचं झाड तसं उदार. रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा ऊन अशी हवा पडली की बुंध्याला भोक पाडून तोटी ठोकायची, खाली बादली टांगायची. पाण्यासारखा रस थेंबथेंब गळतो. चाळीस बादल्या रस आटवावा तेव्हा एक बादली पाक. कर्टिसने प्रत्येक बादलीत तरंगणारा एकेक संवेदक बसवला. बादली भरली की भिंतीतली बाई तशी सूचना देणार होती. गावातले लोक बादली भरली का हे बादलीत डोकावून पाहतात, हे त्याला माहीत होतं. पण पिढ्यान् पिढ्या चुकीचं करत आले म्हणून ते बरोबर ठरत नाही.

पहिल्या दिवशी दुपारी जेवणाआधीची प्रार्थना चालू असताना भिंतीतून मंजुळ आवाज आला, "तिसरी बादली भरली आहे."

"आमेन," जनीन म्हणाली.

त्याच दुपारी लूसियन थिबो दारात आला. लूसियन हा गावचा वृक्षपाल. तोच अग्निशमन दलाचा प्रमुख, तोच कुंपणांचे तंटे सोडवणारा पंच, आणि दफनभूमीचं गवतही तोच कापायचा. कुठल्या नात्याने आला आहे हे त्याच्या टोपीवरून ओळखावं लागे. आज डोक्यावर हिरवी टोपी होती.

"कर्टिस, छान बादल्या आहेत," तो म्हणाला. "झाडं गावची आहेत."

"आमची आहेत. सासऱ्यांच्या आजोबांनी लावलेली."

"लावली त्यांनी. पण रस्त्याच्या कडेची झाडं गावची. त्यांना भोक पाडायला वृक्षपालाची परवानगी लागते."

"मग द्या ना. तुम्हीच आहात वृक्षपाल."

"मला देता येईल," लूसियन म्हणाला. "पण तुझा अर्ज यायला हवा. अर्ज ग्रामकचेरीत द्यायचा. कचेरी मंगळवारी उघडते."

"आज बुधवार आहे!"

"हो ना," लूसियन सहानुभूतीने म्हणाला. "तोवर बादल्या उतरव बाबा. माझ्याच्याने बघवत नाही. वृक्षपाल म्हणून म्हणतोय. माणूस म्हणून विचारशील तर रस झकास दिसतोय." आणि जाता जाता त्याने एका बादलीत बोट बुडवून चाखलं. ते कुठल्या नात्याने, हे टोपीवरून कळलं नाही.

मग कर्टिसने मोर्चा घरामागच्या झाडांकडे वळवला. तिथली झाडं निर्विवाद त्याची होती. वाद एवढाच की ती कशाची होती. हिवाळ्यात सगळी झाडं सारखीच उघडी. पण कर्टिसच्या फोनमध्ये सालीचा फोटो पाहून झाड ओळखणारी सोय होती, आणि तिने छातीठोक सांगितलं की हे मेपल आहे. त्याने सगळ्यांत जाडजूड झाडाला मोठ्या अपेक्षेने दोन तोट्या ठोकल्या. बाकीच्यांचा रस गळू लागला. हे मात्र ढिम्म. कर्टिसने संवेदक बदलला. मग बॅटरी बदलली. मग संवेदकाशी बोलणारा डबा झाडाजवळ आणून ठेवला. क्लाईड पेरी रोज सकाळी कुंपणाला कोपर टेकून हे पाहत उभे राहायचे. आठवडा उलटायला आला तेव्हा कर्टिसने हताश होऊन विचारलं, "क्लाईड, या झाडाला झालंय तरी काय?"

"काही नाही," क्लाईड म्हणाले. "चांगला धडधाकट ॲश आहे."

"ॲश? मेपल नाही? आणि तुम्ही इतके दिवस बघताय!"

"तू विचारलं नाहीस."

एकदा विचारलं म्हटल्यावर मात्र क्लाईडच्या सल्ल्याचं धरण फुटलं. आटवताना आच मोठी हवी. फेस आला तर डुकराच्या चरबीचा तुकडा दोऱ्याने बांधून वर टांगावा. टपालवाल्या बाई म्हणाल्या, चरबी कसली, सायीचा एक थेंब टाकावा, आणि आच मंद हवी. लूसियनने तिसऱ्याच नात्याने सांगितलं की रस आटताना त्याच्याकडे टक लावून बघू नये, तो बुजतो. ही सगळी मंडळी एकमेकांचं ऐकून घेत आणि समोरच्याची कीव आल्यासारखी मान हलवत. कर्टिसने सगळे सल्ले संगणकात भरले आणि त्यांची सरासरी काढली. सरासरीतून असं निघालं की मध्यम आचेवर, एका डोळ्याने बघत, चरबी सायीत बुडवून टांगावी.

मंगळवारी अर्ज दिला. लूसियनने ग्रामकचेरीत बसून तो स्वीकारला, घरी जाऊन त्याचा विचार केला आणि दोन दिवसांनी मंजूर केला. बादल्या पुन्हा रस्त्याकडेला गेल्या. हवेने साथ दिली. पडवीतली पिंपं रसाने भरली. जेवणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, जनीन आणि ओडेट टेबलं मांडायला चर्चमध्ये गेल्या आणि कर्टिस आटवायला बसला.

त्याने अंगणात विजेची शेगडी मांडली होती. ती लावली की घरातले दिवे जात. लाकडाची चूल पेटवावी तर वारा असा की ज्वाळा क्लाईडच्या कुंपणाला दंडवत घालत होत्या. उद्या जेवण. रस आणखी राहिला तर आंबणार. कर्टिसने स्वयंपाकघराकडे पाहिलं. चार शेगड्यांची झकास चूल होती, वर त्याने स्वतः गणित करून बसवलेला वाफ ओढणारा पंखा होता, भिंतीत बाई होती. आजवर कोणाला हे कसं सुचलं नाही, असं त्याला वाटलं. आणि असं वाटलं की माणसाने जिथे असेल तिथे थांबून दीर्घ श्वास घ्यावा, असं जनीन नेहमी म्हणते. पण ती चर्चमध्ये होती.

स्वयंपाकघराच्या भिंतींना कागद होता. फिकट पिवळ्या जमिनीवर तांबड्या तुऱ्यांच्या कोंबड्या, ओळीने, छतापर्यंत. तो जनीनच्या आईने लावलेला. सासूबाई आता हिवाळाभर दक्षिणेत बहिणीकडे राहायच्या, पण फोनवर हवापाण्यानंतरचा दुसरा प्रश्न असायचा, "कोंबड्या बऱ्या आहेत ना?"

चार पातेली चढली. पहिला तास फार सुंदर गेला. घरभर गोडसर वास सुटला, कर्टिस शीळ घालू लागला. पातेली आटत होती, तो पिंपातला रस ओतत होता. चाळीस बादल्यांची एक बादली होते म्हणजे एकोणचाळीस बादल्या कुठेतरी जातात, हा हिशेब त्याच्यासारख्या माणसाने आधी करायला हवा होता. त्याने पंख्याच्या भरवशावर केला नाही. आणि पंख्याचं बाहेरचं झाकण बर्फाने घट्ट चिकटून बसलं होतं.

"स्वयंपाकघरात दमटपणा वाढला आहे," भिंतीतली बाई म्हणाली. मग तिने आपणहून दमटपणा शोषणारं यंत्र चालू केलं. त्यातली पाण्याची टाकी बघता बघता भरून वाहू लागली. फरशी ओली झाली. फरशी ओली पाहून बाईला वाटलं, खोली गार पडली असावी; तिने घर तापवणारी भट्टी वाढवली. काचांवरून ओघळ लागले. छतावर थेंब जमून टपटपू लागले, आणि ते थेंब गोड होते.

तेवढ्यात कर्टिसच्या मागे कसलासा निःश्वास ऐकू आला. त्याने वळून पाहिलं. वरच्या ओळीतल्या कोंबड्या पुढे वाकल्या होत्या, एखाद्या सभेत पाहुण्यांना नमस्कार करावा तशा. मग दुसरी ओळ वाकली. कर्टिसने धावत जाऊन दोन्ही तळव्यांनी कागद दाबून धरला. शेजारचा पट्टा सुटला. तो त्याने डोक्याने दाबला. तिसरा त्याच्या पाठीवर आला. अशा अवस्थेत, भिंतीला मिठी मारून, त्याने अत्यंत शांत स्वरात हुकूम सोडला, "चूल बंद."

"फूल?" बाईने विचारलं. "तुम्हाला फुलं मागवायची आहेत का?"

"बंद! सगळं बंद!"

बाईने दिवे बंद केले. मग वाफ म्हणजे धूर, आणि धूर अधिक आरडाओरडा म्हणजे आग, असा निष्कर्ष काढून तिने अग्निशमन दलाला कळवलं. गावाचा भोंगा वाजला.

आता वेस्ट कॉर्बिनचं अग्निशमन दल म्हणजे कोणी वेगळी माणसं नव्हेत. ते दल त्या वेळी चर्चच्या तळघरात टेबलं लावत होतं. त्यामुळे बंबामागून सगळी जेवण-समिती आली, टपालवाल्या बाई आल्या, क्लाईड कुंपण ओलांडून आले, आणि हातात काकड्यांची बरणी तशीच घेऊन जनीन आली. लूसियन लाल शिरस्त्राण घालून सर्वांत आधी आत शिरला. त्याने चूल विझवली, खिडकी उघडली. वाफ ओसरली आणि पिवळ्या कागदात गुंडाळलेला कर्टिस हळूहळू दिसू लागला. त्याच्या खांद्यावर एक कोंबडी होती.

मान खाली घालून तो गावाच्या निकालाची वाट पाहू लागला. चौदा वर्षं आणि एक दुपार. आता टपाल कचेरीत जे नाव पडेल त्यापुढे 'ओहायोवाला' हा सत्कार वाटेल.

लूसियनने छताकडे पाहिलं. मग एकेक भिंत न्याहाळली, जाणकार माणूस घोडा न्याहाळतो तशी.

"तीन भिंती," तो शेवटी म्हणाला.

"साडेतीन," क्लाईडनी दुरुस्ती केली. "दारामागची सुटतेय बघ."

"आमच्याकडे दोनच उतरल्या होत्या," टपालवाल्या बाई जरा असूयेने म्हणाल्या. "पण छताचा रंगही आला होता खाली. पातेल्यात."

"दोन वर्षं आमचा कुत्रा कपाट चाटत होता," मागून कोणी म्हणालं.

कर्टिसने मान वर केली. "म्हणजे... तुम्ही सगळ्यांनी? घरात?"

"एकदाच," लूसियन म्हणाला. "दुसऱ्यांदा कोणी करत नाही."

"मग एवढे सल्ले दिलेत, हे कोणी का नाही सांगितलं?"

यावर सगळे वेगवेगळ्या दिशांना पाहू लागले. जनीन मात्र भिंतीकडे पाहत होती. कागदाखालचं उघडं पडलेलं प्लास्टर तिने बोटाने चाचपलं. "आईला काय सांगू?" ती हळूच म्हणाली. "तिच्या कोंबड्या."

"सांग तिला जावयाने उतरवल्या," क्लाईड म्हणाले. "तिला सवय आहे. कोंबड्या नंतरच्या, जनीन. आधी इथे द्राक्षांचे वेल होते. ते तुझ्या वडिलांनी उतरवले. तू पाळण्यात होतीस. तुझी आई पंधरा दिवस त्यांच्याशी बोलली नाही. आम्ही सगळे कागद लावायला आलो होतो."

जनीन बरणी टेबलावर ठेवून खुर्चीत बसली. तिचे खांदे हलू लागले. रडते की काय म्हणून कर्टिस कागदासकट तिच्याजवळ गेला. ती हसत होती. "उपवासकाळ लागल्यापासून मी रोज देवाकडे मागत होते," ती डोळे पुसत म्हणाली, "की तुला जरा नम्रता दे. भिंतींचं मी काही बोलले नव्हते."

ओडेट दारात उभी होती. तिने छताकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं, बापाच्या खांद्यावरच्या कोंबडीकडे पाहिलं. ओठ इतके घट्ट मिटलेले की पांढरे पडले होते. व्रत म्हणजे व्रत.

"बाबा," ती एवढंच म्हणाली, "उद्या रविवार आहे."

पातेल्यांतला रस या गडबडीत पाकाच्या पुढे जाऊन काळपट, दाट झाला होता. सगळा मिळून दोन बरण्या भरल्या. एवढ्या गावाला दोन बरण्या! कर्टिस रविवारी त्या कोटाखाली लपवून चर्चच्या तळघरात गेला. शब्द दिला होता. निदान मोडलेला शब्द तरी वेळेवर पोचावा.

स्वयंपाकाच्या टेबलावर बरण्याच बरण्या होत्या. क्लाईडच्या चार, लूसियनच्या सहा, टपालवाल्या बाईंचा एक अख्खा डबा. गेल्या वर्षीच्या, त्याच्या आधीच्या, कोणाकोणाच्या तळघरातल्या. प्रत्येकाने गुपचूप आणलेल्या, त्याही कालच्या प्रकारानंतर नव्हे. झाकणावरची धूळ पाहता टेबलाखाली त्या दोन आठवडे येऊन बसल्या होत्या. ओहायोचा माणूस पाक आणतो म्हणाला, त्याच दिवशी गावाने आपापली सोय पाहिली होती. याला प्रेम म्हणावं की अविश्वास, हे कर्टिसला ठरवता येईना. पाद्रीबाबा म्हणाले, दोन्ही एकाच बरणीत राहू शकतात.

त्याच्या बरण्या शेवटी ओतल्या गेल्या. तार चांगली पडली. क्लाईडनी काट्यावर गुंडाळून तोंडात घातली आणि बराच वेळ चघळली.

"जळका आहे," ते म्हणाले. "मागून जरा भिंतीची चव येते." मग त्यांनी दुसरा काटा घेतला. तिसराही घेतला.

टेबलाच्या टोकाला एक नवं जोडपं बसलं होतं. न्यू जर्सीहून आलेलं, नदीकाठचं जुनं घर नुकतंच घेतलेलं, हसरं आणि बोलकं. बोलकेपण उतरायला अजून काही वर्षं लागली असती. नवऱ्याने तोंड पुसत विचारलं, "आमच्याकडेही मेपल आहेत हो! हे करायचं कसं, कोणाला विचारावं?"

क्लाईडनी मान न वळवता काट्याने कर्टिसकडे निर्देश केला. "याला विचारा. हा इथलाच आहे."

कर्टिसच्या हातातला काटा थांबला. जनीनने त्याच्याकडे पाहिलं आणि लगेच आपल्या ताटलीकडे पाहिलं. मग कर्टिसने सांगायला सुरुवात केली, सावकाश, डोंगराकडे बघितल्यासारखं. झाड आधी नीट ओळखावं. रस्त्याकडेचं असेल तर अर्ज करावा; मंगळवारी. चरबीचा तुकडा वर टांगावा. रसाकडे टक लावून बघू नये.

"आणि आटवायला काही खास भट्टी लागते का?" ती बाई म्हणाली. "नाहीतर आमच्या स्वयंपाकघरात मोठी चूल आहे. आणि खोली इतकी गोड आहे ना, भिंतींना जुना फुलांचा कागद—"

टेबलाभोवती एकदम शांतता पसरली. लूसियन बर्फात काहीतरी शोधू लागला. टपालवाल्या बाईंनी चष्मा काढला. सगळं गाव कर्टिसकडे न बघता कर्टिसकडे बघत होतं. ही शांतता फार लांबली, आणि आयुष्यात प्रथमच कर्टिसला ती मोडावीशी वाटली नाही. खोटं बोलणं पाप आहे. गप्प बसण्याबद्दल शास्त्राने काही म्हटल्याचं त्याला आठवेना.

त्याने ताटली पुढे सरकवली.

"काकडी घ्या," तो म्हणाला. "मधून मधून घ्यावी लागते."